भाजलेल्या वाफ्यातले कोंब

शतावरी लावायची असेल तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पहिली दोन वर्षं कापायचं नाही. कोंब येतील, चांगले बोटाएवढे जाड येतील, शेजारीण कुंपणावरून म्हणेल, काढ की दोन, भाजीपुरते. काढायचे नाहीत. हे मी सांगते तेव्हा बंगल्यातली माणसं माझ्याकडे बघतच राहतात. मग हळूच विचारतात, मेथी किती दिवसांत येते? मी मेथी लावून देते. मेथीत वाईट काही नाही.

मी दुसऱ्यांच्या बागा सांभाळते. मुरबाडहून धसईकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे बंगले उभे राहिलेत, त्यातले पुष्कळसे शनिवार-रविवारचे. मालक मुंबईला, ठाण्याला, डोंबिवलीला. मधले पाच दिवस झाडं माझी. लग्न होऊन धसईजवळ आले, पोरं शाळेत जायला लागली तशी एका बंगल्यात पाणी घालायला लागले आणि तिथून हे काम वाढत गेलं. आता गुडघे कुरकुरतात म्हणून कमी केलंय, पण सोडलेलं नाही.

माणसं एकेक भेटली. एका साहेबांनी अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि मला म्हणाले, रोज पाणी मारा, धूळ बसते. मी वर्षभर प्लास्टिकला पाणी घातलं. एका बाईंना आंब्याचं झाड हवं होतं पण पानं पडायला नको होती. एकाने नारळ लावला आणि दर रविवारी येऊन वर बघायचा, नारळ आले का म्हणून. झाड त्याच्या गुडघ्याएवढं. मी हसत नाही कोणाला. हौसेला अक्कल विचारायची नसते, नाही तर आमच्यासारख्यांनी खायचं काय?

पण साळवी काकांची हौस वेगळी होती, आणि आज लिहायला बसले ती तेवढ्यासाठी.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. सगळं आयुष्य बोटीवर स्वयंपाकी. बायको वारल्यावर त्यांनी धसईच्या अलीकडे छोटा बंगला बांधला, विहीर खणली आणि एकटे येऊन राहिले. शनिवार-रविवारचे नव्हेत, कायमचे. मुलगी मेघना डोंबिवलीला, बँकेत. तिला बापाचं हे एकटं राहणं अजिबात पसंत नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. इथे काही झालं तर गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत माणसाचं काय व्हायचं ते होऊन जातं.

पहिल्याच दिवशी काकांनी मला एक फोटो दाखवला. हिरवे सरळ कोंब, जुडी बांधलेले. म्हणाले, याला अ‍ॅस्परॅगस म्हणतात. मी म्हटलं, ही तर शतावरी. आमच्या डोळखांबच्या रानात ढीगभर असते. माझं माहेर तिकडचं. पावसाळ्यात काटेरी वेलाला कोवळे कोंब फुटतात, त्यांची भाजी करतो, आणि बाळंतिणीला मुळं देतो. काका म्हणाले, तिचीच ही विलायतेतली चुलत बहीण, फक्त हिला काटे नाहीत आणि अंगाने भरलेली आहे.

मग त्यांनी का लावायची तेही सांगितलं. बोटीवर मोठ्या साहेबांच्या टेबलासाठी ही भाजी खोक्यांनी यायची. काका कोंब सोलायचे, उकडायचे, वर लोणी घालून ताटं पाठवायचे. खालचा जून बुडखा कापून टाकावा लागतो, तो फेकायचा नाही म्हणून खलाशांच्या सूपमध्ये जायचा. काकांच्या वाट्याला तो.

"तीस वर्षं शेंडे वाढले आणि बुडखे खाल्ले," काका म्हणाले. "मला एक ताट शेंडे खायचेत. माझ्या टेबलावर, बसून."

एवढंच त्यांना हवं होतं. बाजारातून आणता आली असती, मुंबईत मिळते म्हणतात. मी तसं सुचवलंही. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिलं वर्ष वाया गेलं. घाटावरच्या रोपवाटिकेतून काकांनी गड्डे मागवले. गड्डा म्हणजे शतावरीच्या मुळांचा झुबका, वर डोळे असतात. सपाट वाफ्यात लावले. पावसाळा आला, आणि माझ्या नवऱ्याने घोळ केला. नवऱ्याचं नाव यशवंत. नाव घ्यायला मला संकोच वाटत नाही, घोळ त्याने केले तर नावही त्याचंच लागलं पाहिजे. यशवंत भाताचा माणूस. पाणी वाहून जाताना दिसलं की त्याचा जीव वरखाली होतो. मी वाफ्याला उताराकडे मोरी ठेवली होती, पाणी निघून जावं म्हणून. हा येता-जाता ती मातीने बुजवायचा. मी उघडायची, तो बुजवायचा. एकमेकांना कळलंच नाही, मला वाटायचं खेकडे बुजवतात. श्रावणात उपटून बघितलं तर गड्डे कुजून हातात आले.

काका रागावले नाहीत. म्हणाले, पुन्हा मागवू. दुसऱ्या खेपेला मी माझं म्हणणं लावून धरलं, की गादीवाफा करायचा, जमिनीपासून चांगला हातभर उंच, पाणी थांबायलाच नको. काकांनी त्यांचं लावून धरलं, की गड्डा वीतभर खोल पुरायचा. आमचं यावर चांगलं जुंपलं. वांगी-मिरचीची रोपं लावणाऱ्या बाईला वीतभर खोल म्हणजे झाड गाडल्यासारखं वाटतं. शेवटी उंची माझी, खोली त्यांची असा समेट झाला. मी मनातून म्हणत होते, हे काही उगवत नाही. पण उगवलं.

आता थोडं झाडाबद्दल. कोंब तसाच राहू दिला की त्याचा तुरा सुटतो आणि शेपूसारखा बारीक पाला होतो, कमरेएवढा, छातीएवढा उंच. तो पाला वर्षभर गड्ड्याला खाऊ घालतो. म्हणून पहिली दोन वर्षं कापायचं नाही, गड्ड्याचं पोट भरू द्यायचं. थंड देशात बर्फ पडतो तेव्हा झाड आपोआप झोपतं. आपल्याकडे बर्फ कुठला आणणार? मग पाणी तोडून झोपवायचं. थंडी सरली की पाणी बंद. पाला पिवळा पडतो, वाळतो, तो कापून टाकायचा. वाफा मेल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात पुन्हा पाणी सोडलं की जागा होतो. काका हे सगळं वाचून मला सांगत आणि मी करत असे. मला ते पटलंही, कारण भात कापल्यावर आमची जमीनही अशीच पडून राहते.

या दुसऱ्या लावणीच्या तिसऱ्या वर्षी कापायचं होतं. आणि त्याच्या आधीच्या दिवाळीत काका विहिरीच्या पायरीवर घसरले. कंबरेचं हाड मोडलं. मीच ओरडून यशवंतला बोलावलं, दोघांनी उचलून गाडीत घातलं. ऑपरेशन झालं, मेघनाने त्यांना डोंबिवलीला नेलं, आणि बंगल्याची किल्ली माझ्याकडे आली.

संक्रांतीच्या सुमारास मेघना एकदा एकटीच आली. बंगला बघायला दोन माणसं येऊन गेली होती, तिने मला लपवलं नाही. म्हणाली, बाबा ऐकत नाहीत. रोज एकच, माझा वाफा, माझा वाफा. शेवटी बाप-लेकीत ठरलं होतं. मेअखेर ती बाबांना घेऊन येणार. वाफ्यातून एक ताट भाजी निघाली तर बाबा इथे राहणार आणि ती मला दिवसभर त्यांच्या सोबतीला ठेवणार. निघाली नाही तर बंगला विकायचा आणि बाबा कायमचे डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या दोन कुंड्या घेऊन. तिने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. लेकीलाही ते गोड वाटत नव्हतं. मी म्हटलं, ताई, निघेल भाजी. आत्मविश्वासाने म्हटलं, कारण गड्डे ठणठणीत होते.

काकांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पाणी तोड म्हणाले, मी तोडलं. पाला काप म्हणाले, मी कापला. एप्रिलात ऊन असं लागलं की वाफ्याची माती तडकायला लागली. मी विचारलं, झाकू का? झाक म्हणाले. मग मी वाफ्यावर वाळकं शेणखत पसरलं, त्यावर जंगलातला पालापाचोळा, त्यावर भाताचा पेंढा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सगळ्यावर बारीक मातीचा पातळ थर. नीट, कडा मारून, बघणाऱ्याला सुख वाटेल असं. आणि माझ्या भाचीचं लग्न होतं म्हणून डोळखांबला माहेरी निघून गेले. जाताना यशवंतला सांगितलं, बंगल्यावर लक्ष ठेवा.

आमच्या भागातल्या माणसाला आता पुढचं सांगायला नको. पण बाहेरच्यांसाठी सांगते. भाताची रोपं करायची ती जागा आम्ही आधी भाजतो. उन्हाळ्यात त्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा नि टहाळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, त्यावर गवत-पेंढा, वरून बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची म्हणजे ती भडकत नाही, हळूहळू धुमसत जाते. याला राब म्हणतात. तणाचं बी जळतं, राख मिळते, रोपं जोमाने येतात. आमच्याकडे बाप मुलाला चालायला शिकवतो आणि मग राब लावायला.

मी परत आले तो वाफा काळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा आणि राखेचा. यशवंत बाजूला उभा, चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघत असलेल्या माणसाचा भाव.

माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. यशवंतने ऐकून घेतलं आणि मग खरंच न समजून म्हणाला, "मला काय ठावं गो? शेण खाली, पाला त्याच्यावर, पेंढा, वर माती. राब नाय तर काय हाय हा? मला वाटला तू मांडून गेलीस, लावायचा मी."

खरं सांगते, त्याच्या जागी आमच्या गावातला कोणीही असता तरी त्याने काडी ओढलीच असती. इतका देखणा मांडलेला राब कोण तसा सोडून देईल? पण तेव्हा मला हे सुचत नव्हतं. मला मेघनाचा तो कापरा आवाज ऐकू येत होता आणि गॅलरीतल्या दोन कुंड्या दिसत होत्या. मी पायरीवर बसून रडले. यशवंत समोर उभा राहिला, मग खाली बसला, मग पुन्हा उभा राहिला.

काकांना फोन मीच केला, संध्याकाळची वाट न बघता. जे झालं ते सांगून टाकलं. मग काकांनी विचारलं, माती किती खोलवर तापली होती? मी म्हटलं, मला काय माहीत, मी लग्नात होते. त्यांनी यशवंतला फोनवर बोलावलं. आग कुठून लावली, वारा कुठला होता, ज्वाळा उठल्या की नुसता धूर, सगळं विचारलं. यशवंत पहिल्यांदाच ताठ झाला. धूरच होता, तो म्हणाला, त्याचा राब कधी भडकत नाही. मग काकांनी मला वाफ्याच्या कडेला हात घालून बघायला सांगितलं. वर राख. त्याखाली भाजलेली माती, भुगा झालेली. चार बोटं खाली गेले तर मातीचा रंग नेहमीचा.

"वीतभर खोल आहेत ते," काका म्हणाले. "पाणी सोड. आणि मेघनाला काही बोलू नकोस."

मी खोटं बोलत नाही. पण तिने विचारलंच नाही.

पाणी सोडलं. त्या दिवसांत वीज धड नव्हती, पंप चालायचा नाही. यशवंत एक शब्द न बोलता सकाळी आमच्या घरची कामं उरकून यायचा आणि विहिरीतून बादल्या ओढून वाफ्याला घालायचा. शतावरीला चिखल चालत नाही, ओल पुरते, हे त्याला मी पुन्हा पुन्हा बजावत होते. ज्या माणसाने मोरी बुजवून पाणी कोंडलं होतं तो आता हात घालून बघायचा, पुरे ना, जास्त नाय ना? माझा राग अर्धा तिथेच उतरला. पण त्याला तसं सांगितलं नाही. सगळंच सांगून टाकलं तर हाताशी काय राहणार?

दिवस गेले. वाफा काळा तो काळाच. मी सकाळी जाऊन बघायची आणि काकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करायची. काकांचा फोन आता दिवसातून दोनदा यायचा. मग एका सकाळी मी घराच्या मागे केळीची वाळकी पानं काढत होते तर यशवंतने हाक मारली. ओरडून नाही, हळू, पाखरू उडेल अशा बेताने. मी गेले. तो वाफ्याशी उकिडवा बसला होता. राखेतून जांभळ्या रंगाचं एक टोक वर आलं होतं. मला आधी ते अर्धवट जळलेलं काटूक वाटलं. यशवंत म्हणाला, काटूक काल नव्हता. मी बोटाने राख बाजूला केली. कोंब होता. जाड, माझ्या अंगठ्याएवढा.

दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी सगळीकडे. दोन वर्षांत असले कोंब मी त्या वाफ्यात पाहिले नव्हते. तण तर औषधाला नाही. एरवी अर्धा जीव तण काढण्यात जायचा. आता नुसती काळी माती आणि त्यातून सरळ उभे हिरवे कोंब, भाला घेऊन उभे असल्यासारखे. मी वाफ्याभोवती चकरा मारून हसत सुटले. यशवंतने विडी पेटवली आणि म्हणाला की राब म्हणजे राब. त्या क्षणी मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि ढकलून द्यावंसंही वाटलं.

आता नवीनच पंचाईत. कोंब वीत-दीड वीत झाला, टोक घट्ट मिटलेलं आहे, तोवरच काढायचा, सकाळी, ऊन चढायच्या आत, जमिनीलगत सुरीने. एक सकाळ चुकली की टोक सुटतं आणि मग तो चावायला दोरी. आणि मेघना शनिवारी येणार होती ती कामामुळे रविवारवर गेली. काकांनी बजावलेलं, मी आल्याशिवाय एकही कापायचा नाही. मी शनिवारचे कोंब तसेच वाढू दिले. तेही लागतातच, प्रत्येक गड्ड्याचे दोन-चार कोंब पाला व्हायला सोडावे लागतात, नाही तर गड्डा उपाशी मरतो. रविवारचे मात्र डोळ्यांत तेल घालून राखले. ऊन पडल्यापासून ओल्या फडक्याने त्यांच्यावर सावली धरली. माझ्या पोरांच्या परीक्षेच्या वेळी मी इतकी जागी नव्हते.

गाडी आली. काका काठी घेऊन उतरले, वाळलेले, कपडे अंगावर लोंबत होते. मेघनाने हात धरला होता. त्यांनी घराकडे बघितलंच नाही, थेट वाफ्याकडे गेले आणि उभे राहिले. मेघनानेही बघितलं. तिला भाजीतलं फार कळत नाही, पण समोर काय उभं होतं ते कोणालाही कळलं असतं. काकांनी खिशातून सुरी काढली, बोटीवरची त्यांची स्वतःची. वाकता येईना, म्हणून मी खुर्ची आणली. खुर्चीत बसून त्यांनी एकेक कोंब कापला आणि मी तो पाण्याच्या तांब्यात उभा केला. तांब्या भरला, मग बादली आणली.

चूल त्यांनी कोणाला शिवू दिली नाही. काठी ओट्याला टेकवून, एका हाताने त्याची कड धरून, मिठाच्या पाण्यात कोंब घातले आणि म्हणाले, गप्प बसा. आम्ही गप्प बसलो. घाईत बाहेर काढले, हिरवेगार. बुडखे आधीच कापून वेगळे ठेवले होते. ते मी लसूण-मिरची घालून आमच्या पद्धतीने परतले, डोळखांबला शतावरी करतात तसे. शेंड्यांवर काकांनी लोणी सोडलं. मग टेबलाशी जाऊन बसले. मेघनाने सवयीने एक शेंडा उचलायला हात पुढे केला. काकांनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"हे ताट माझं," ते म्हणाले.

आणि ते एकटे जेवले. सावकाश, एकेक शेंडा, कोणाला विचारलं नाही, कोणाला दिलं नाही. मी, मेघना नि यशवंत, आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. मला फार आनंद झाला होता. इतक्या बागा केल्या, इतक्यांना गुलाब दिले, पपया दिल्या, पण ज्याला जे हवं होतं ते नेमकं त्याच्यासमोर ठेवल्याचं सुख मला त्या दिवशी मिळालं. मेघनाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

ताट रिकामं झालं तेव्हा काकांनी तोंड पुसलं. मग मेघनाने विचारलं की हे इतकं चांगलं आलं कसं. काका माझ्याकडे बघेनात, मी यशवंतकडे बघेना. शेवटी यशवंतनेच सगळं सांगून टाकलं, आगीपासून बादल्यांपर्यंत. मेघना बापाकडे बघत राहिली.

काकांनी बुडख्यांचं भांडं यशवंतपुढे सरकवलं. "हे तुझे," म्हणाले. "आणि पुढल्या वर्षी राब कधी लावायचा?"

पुढल्या वर्षाचं उत्तर यशवंतने द्यायचं नव्हतं, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. मेघनाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बापाशेजारी बसली.

"मार्च एंड होऊ दे," ती म्हणाली. "मला सुट्टी मिळाली की लावा. मला बघायचाय."

यशवंतने मान हलवली, भांडं जवळ ओढलं आणि बुडखे खायला लागला. मग म्हणाला, ह्येच बरं लागतं गो, शेंड्यात काय हाय?